वाटेत आलेला पावणा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथले भुताखेताचे अनुभव मी वाचते ते दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, शेंगा खात खात... आणि वाचताना निम्म्या वेळा मनात लिहिणाऱ्याची वायरिंग तपासत असते. बाबा रे, तुझ्या खोलीतला दिवा आपोआप लागतो ना, मग आधी स्विच उघडून बघ, नंतर पैंजणांच्या आवाजाकडे वळ. नारायणगावात माझं बॅटरीचं आणि ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझ्याकडे रोज मेलेल्या बॅटऱ्या येतात. त्यातली एकही अजून भूत होऊन आलेली नाही. ज्या परत आल्या त्या वॉरंटीत आल्या.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, अवसरी खुर्द. मी आयटीआय केलं इलेक्ट्रिशियन ट्रेडला, तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. लग्न होऊन नारायणगावला आले, सासूबाईंना वाटलं सून शिवणकाम करेल, सुनेने सोल्डरिंग काढलं. आमचे हे, म्हणजे दत्ता, टोमॅटो-कांद्याची शेती बघतात आणि मधूनमधून माझे ड्रायव्हर होतात. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की करंट आहे किंवा नाही, यापलीकडे तिसरी अवस्था मला माहीत नव्हती. आता ती गोष्ट सांगते जिच्यात तिसरी अवस्था आली.

आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. ती माझ्या सासऱ्यांची, नानांची. नानांनी उभा जन्म जुन्नर ते घाटघर वडाप केलं. पुढे तीन, मागे मावतील तेवढे, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण जीप विकायचा विषय निघाला की यांना कुठलं तरी काम आठवतं आणि ते उठून जातात.

नानांची एक सवय होती. चावी फिरवली की डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो, तो लागेपर्यंत ते स्टार्टर मारत नसत. दिवा लागला की त्याला म्हणायचे, "आला का? बरं, जा आता." मग स्टार्टर. इंजिन सुरू झालं की दिवा विझतो, कारण आल्टरनेटर, नानांच्या भाषेत डायनामा, बॅटरी भरायला लागतो. त्या दिव्याला ते पावणा म्हणायचे. पाहुणा यावा, तोंड दाखवावं आणि जावं. मी नवी असताना हसायचे. एकदा नानांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "सूनबाई, हसू नको. पावणा दारात आला आन् गेला, तर समदं ठीक. आलाच न्हाई, तर काळजी. आन् वाटंत मधीच आला, तर इचारायचं न्हाई, थांबायचं. पयलं थांबायचं, मंग बगायचं."

आता यात देवाधर्माचं काही नाही. चालत्या गाडीत तो दिवा लागला म्हणजे बहुतेक डायनामा फिरवणारा पट्टा तुटला. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणजे न थांबता पुढे गेलात तर इंजिन भाजून निघतं. नाना जे सांगत होते ते आमच्या आयटीआयच्या पुस्तकातही होतं, फक्त पुस्तकात पावणा नव्हता.

तर... श्रावणातली गोष्ट. घाटघरच्या शाळेतला इन्व्हर्टर बंद पडला होता. गुरुजींचा निरोप आला, नवी बॅटरी घेऊन या. घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या उंबऱ्यावरचं गाव. श्रावणात तिथे धुकं खाली बसतं ते दिवसदिवस उठत नाही, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चाललेली असते आणि माणसं इरली पांघरून चिखलात वाकलेली असतात. सकाळी निघताना जीपचा स्टार्टर जरा जडच फिरला, पण मी म्हटलं ओलीमुळे असेल. बॅटरीवालीच्या घरची बॅटरी, ती कधी तपासायची? वैद्याच्या पोराला खोकला.

शाळेतलं काम झालं. गुरुजींनी चहा दिला. निघायला बसलो तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प. शाळेसमोर उतार होता, गुरुजींनी आणि दोघा-तिघांनी ढकललं, जीप सुरू झाली. यांना वाटलं झालं काम. मी म्हटलं, बंद करू नका, आधी बघू द्या. बॉनेट उघडून बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास चढायला हवा. तो बाराच्या खालीच पडून राहिला. म्हणजे चार्जिंग होत नव्हतं.

एवढ्यात आमच्या यांनी स्वतःची परीक्षा घेतली. बॅटरीचं टर्मिनल सैल केलं, उपटून वर काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, चालूये की गाडी. म्हणजी डायनामा चांगलाय."

आमच्या भागातला प्रत्येक पुरुष ही परीक्षा घेतो. आणि डिझेल गाडीवरही घेतो.

"अहो, डिझेलची आहे ती," मी म्हटलं. "एकदा सुरू झाली की तिला बॅटरी लागत नाही. आल्टरनेटर काढून घरी ठेवला तरी चालेल. लावा ते परत."

गुरुजी हसले. यांनी टर्मिनल लावलं आणि टोपी नीट केली.

पट्टा घट्ट होता. वायरी पक्क्या होत्या. मग मी आत डोकावले, आणि माझ्या लक्षात आलं की डॅशवर लाल दिवाच नाही. चार्जिंग होत नसेल तर दिवा लागलेला हवा. चार्जिंगही नाही आणि दिवाही नाही, म्हणजे दिवाच उडालाय. आणि या जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता दाखवायला नसतो. त्याच्यातून जो थोडासा करंट जातो, तोच आल्टरनेटरला जागं करतो. दिवा उडाला की आल्टरनेटर फिरत राहतो, पण झोपेत. पावणा आलाच नाही, तर काळजी... नानांनी सांगितलं होतं ते हेच.

स्क्रू काढून डॅशवरचा मीटरचा डबा पुढे ओढला, मागचं होल्डर उपटलं, बल्ब काढून उजेडाकडे धरला. आतली तार तुटलेली, काच आतून काळी. सरळ निदान. माझ्या कामाच्या पिशवीत त्या दिवशी इन्व्हर्टरचं सामान होतं, हा बारका बल्ब नव्हता. म्हटलं पार्किंगचा एक बल्ब काढून त्याला दोन वायरी बांधू, घरापर्यंत तेवढं पुरेल. उडालेला बल्ब मी कोटाच्या खिशात टाकला. दुकानात काम करताना मी खाकी कोट घालते, तोच अंगावर होता. होल्डर तसंच मागे लोंबत होतं. नमुन्याला जुना बल्ब जवळ असला की नवा आणायला सोपं, म्हणून मी असे बल्ब फेकत नाही.

आणि तेवढ्यात बांधावरून माणसं धावत आली.

एका घोंगडीत बाईला घालून चौघांनी टोकं धरली होती. पुढे तिचा नवरा, लक्ष्मण. आवणी करताना भाताच्या खाचरात तिच्या पायाला नाग चावला होता. लक्ष्मणने तो डोळ्यांनी बघितला होता. बाईचं नाव सोनाबाई. वय असेल तिशीच्या आत, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचा, हातात अजून रोपांची मूठ. ती मूठ कोणी सोडवून घेतली नव्हती.

"ताई, गाडी जुन्नरला न्ह्याल का?" लक्ष्मण म्हणाला. "फोनला रेंज न्हाई. यष्टी सांजंला हाय."

एक म्हातारा म्हणत होता, आधी भगताकडे नेऊ, पाणी मंतरून देतो. लक्ष्मण त्याच्याकडे बघतही नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी चालू इंजिनाकडे. डिझेल गाडी चालू आहे, बंद केली नाही तर चालत राहील. बल्ब गेला खड्ड्यात.

"बसा," मी म्हटलं. मीटरचा डबा ढकलून एक स्क्रू कसाबसा फिरवला. सोनाबाईला मागच्या बाकांच्या मधे घोंगडीवर निजवलं, लक्ष्मणने तिचं डोकं मांडीवर घेतलं. यांना सांगितलं, काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही. बॅटरीत जे काही उरलंय ते लाइट आणि हॉर्नला, धुक्यात तेवढं लागणारच. वायपर बंद. मी खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत राहीन.

गुरुजी मोटारसायकलवर पुढे निघाले. रेंज लागली की जुन्नरच्या दवाखान्यात कळवतो म्हणाले.

तो रस्ता माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे, म्हणजे काहीच नाही, पांढरं. हे नाकासमोर बघत चालवत होते आणि मी अर्धी बाहेर लटकून काच पुसत होते. मागून लक्ष्मणचा आवाज येत होता, एका सुरात, "झोपू नको गं सोना. ऐकतीस ना? झोपायचं न्हाई." साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. अंजनावळं मागे पडलं. लक्ष्मणचं चालूच होतं. भाताचं बोलत होता, म्हशीचं बोलत होता, पंचमीला घ्यायच्या बांगड्यांचं बोलत होता. नंतर कधीतरी तो आवाज थांबला. तो थांबल्याचं मला कळलं नाही. इंजिनाचा आवाज, वारा, आणि माझं सगळं लक्ष काचेकडे.

चावंडच्या अलीकडे, एका वळणानंतर, डॅशवर लाल दिवा लागला.

मी काच पुसून हात आत घेत होते. डब्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल दिवा, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा. फडफडला नाही, मिणमिणला नाही. यांनीही बघितला. यांच्या तोंडून बारीक आवाजात निघालं, "पावणा..."

"थांबा!" मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या धंद्याची सवय. दिवा लागला, पट्टा तुटला, थांबा. त्या क्षणी डोक्यात दुसरं काही नव्हतं. पट्टा तुटला असेल तर इंजिन जुन्नरपर्यंत पोचायचं नाही आणि मग या बाईचं काय, एवढीच भीती होती. यांनी जीप कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

मी उतरून बॉनेट उचललं. पट्टा जागेवर होता, छान फिरत होता. पाणी गळत नव्हतं. मला काही कळेना. पिशवीतून मीटर काढावा म्हणून मागे गेले आणि ताडपत्रीचा पडदा उचलला.

लक्ष्मण मान खाली घालून बसला होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता जरा निवांत झालीया," तो हळूच म्हणाला. "लई तळमळत व्हती. डोळा लागला तिचा. मीच म्हणलं, पडू दे घटकाभर."

सोनाबाईचे ओठ निळसर झाले होते. पापण्या अर्धवट मिटलेल्या. छातीकडे बघत राहिले, ती हलत नव्हती. नाकाशी हात नेला. काही नाही. मानेला बोटं लावली, तिथे मात्र लागत होतं. बारीक, पण लागत होतं.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक तक्ता असतो. 'विजेचा धक्का बसल्यास करावयाचे उपचार.' एक माणूस उताणा निजलेला, दुसरा त्याच्यावर वाकलेला, आणि खाली बारीक अक्षरात सूचना. माझ्या दुकानात तो मी दुकान उघडलं त्या दिवसापासून आहे. त्याच्या खिळ्याला मी पट्टे अडकवते. कोणी तो वाचत नाही, मीही वाचत नाही. पण आयटीआयमध्ये आमचे सर एका रबरी बाहुल्यावर तो सगळा प्रकार करून घ्यायचे. आम्ही दोघी मुली फिदीफिदी हसायचो आणि सर म्हणायचे, हसून घ्या, पण फुंकर नीट मारा. शॉक लागलेल्याचं हृदय चालू असतं आणि श्वास थांबलेला असतो, तेव्हा त्याला तुमचा श्वास द्यायचा. तो स्वतःचा घेईपर्यंत थांबायचं नाही.

नागाच्या विषानेही हेच होतं. छातीचे स्नायू गळून जातात, हृदय चालू राहतं, श्वास बंद. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला विषाचं काही माहीत नव्हतं. मला फक्त तो तक्ता दिसला, पट्ट्यांच्या मागचा.

मी आत चढले. तिची मान मागे केली, हनुवटी वर घेतली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. छाती वर आली. पुन्हा मारली.

"अहो, चला!" मी ओरडले. "थांबू नका आता कुठेच!"

जीप निघाली. खड्ड्यांत माझे दात तिच्या दातांवर आपटत होते. तिच्या तोंडाला चिखलाचा वास होता आणि तंबाखूच्या मशेरीचा. थोड्या वेळाने माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. लक्ष्मणला म्हटलं, आता तुम्ही.

त्याने सोनाबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमच्यासमोर कसं, ताई..."

खरं सांगते, त्या अवस्थेतही मला हसू आलं. बायको मरणाच्या दारात आणि याला माझ्यासमोर लाज वाटत होती. वाईट माणूस नव्हता तो, आमच्याकडची माणसंच अशी. चारचौघांत बायकोचा हात धरणार नाहीत, आणि घोंगडीतून तिला उचलून चिखलातून धावत आणतील. मी म्हटलं, "मी तिकडं तोंड करते. तुम्ही फुंका." आणि मी खरंच तोंड फिरवलं, एक हात तिच्या छातीवर ठेवून, ती वर येते का बघायला. ती वर आली. चांगली वर आली.

जुन्नरपर्यंत आम्ही आळीपाळीने तेच केलं. गुरुजींचा फोन लागलेला होता, दवाखान्याच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. डॉक्टरांनी तिला आत नेलं, नळी घातली, मशीन लावलं, विषावरची इंजेक्शनं सुरू केली. बराच वेळ गेला. मग एक डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि विचारलं, वाटेत श्वास कोणी दिला? लक्ष्मणने माझ्याकडे बोट केलं, मी लक्ष्मणकडे. त्या म्हणाल्या, "श्वास कधी थांबला ते कसं कळलं तुम्हाला? आणखी थोडं तसंच गेलं असतं तर इथे आणून काही उपयोग नव्हता."

मी म्हटलं, गाडीचा दिवा लागला म्हणून थांबलो होतो.

आणि हे म्हणता म्हणता मी तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून कोटाच्या खिशात हात घातला. बोटांना काच लागली.

मी तो बल्ब बाहेर काढला आणि बघत राहिले. तार तुटलेली, काच काळी. घाटघरला शाळेसमोर मी स्वतः काढून खिशात टाकलेला. डब्यामागचं होल्डर रिकामं होतं, मी स्वतः लोंबतं सोडलेलं. मग चावंडच्या अलीकडे लागलं काय?

मी बाहेर गेले. जीप आवारात चालूच होती. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, इंजिन बंद करायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून बसले होते. मी डब्याचा एकमेव स्क्रू काढला आणि डबा पुढे ओढला. होल्डर तसंच लोंबत होतं. रिकामं. मी यांच्यासमोर तो बल्ब धरला.

यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "थांबलो तवर लागलेला व्हता. तू मागनं 'चला' म्हणलीस, आन् गेला."

आता तुम्ही जे विचारणार ते मी स्वतःला विचारून झालं आहे. दुसरा कुठला दिवा असेल? या जीपला ऑइलचा दिवा नाही, काटा आहे. मोठ्या लाइटचा दिवा निळा आहे. बाहेरच्या कशाची चमक पडली असेल? धुकं होतं, ऊन नव्हतं, पुढेमागे गाडी नव्हती. वायर कुठे चिकटली असेल? चिकटू दे की, करंट पोचला तरी उजेड पडायला बल्ब लागतो. दोन घाबरलेल्या माणसांना भास झाला? दुसऱ्या कोणी ही गोष्ट सांगितली असती तर मीही तेच म्हटलं असतं, शेंग सोलत. पण भास दोघांना एकाच कोपऱ्यात एकाच रंगाचा होतो का, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नवा बल्ब घातला आणि चार्जिंग चौदाच्या वर चढलं. गाडीत दुसरा काही दोष नव्हताच. माझं निदान बरोबर होतं, आणि तोच खरा घोटाळा आहे. निदान चुकलं असतं तर मी आज शांत झोपले असते.

हे म्हणतात, नाना. लक्ष्मण म्हणतो, डोंगरावरचा देव. मी काही म्हणत नाही. पण कोणी केलं ते कळत नाही म्हणून आभार मानायचेच नाहीत, असं थोडंच आहे? मी सगळ्यांचे मानते. नानांचे, की त्यांनी मला थांबायला शिकवलं. आमच्या सरांचे, ज्यांनी दोन खिदळणाऱ्या पोरींकडून रबरी बाहुल्यात फुंकर मारून घेतली. गुरुजींचे, डॉक्टरांचे. त्या खटारा जीपचे. आणि चावंडच्या अलीकडे जे कोणी, जे काही आलं, त्याचे सगळ्यात जास्त. चावी फिरवली की मी आता स्टार्टर मारायच्या आधी थांबते. दिवा लागतो. "आला का?" म्हणते. हे शेजारी बसून ऐकतात आणि खिडकीबाहेर बघतात.

तो उडालेला बल्ब मी फेकला नाही. दुकानातल्या तक्त्याच्या खिळ्याला दोऱ्याने बांधला आहे. पट्टे आता दुसऱ्या खिळ्याला असतात.

दिवाळीनंतर सोनाबाई दुकानात आली, लक्ष्मणसोबत. डोक्यावर नव्या भाताच्या तांदळाची पिशवी. मी तिला उभी, चालती, बोलती पहिल्यांदाच बघत होते. तिने मला नीट न्याहाळलं, मी तिला. आमची ओळख तशी फार जवळची आणि तरी काहीच नाही. मी खुर्ची दिली, तिने पिशवी खाली ठेवली पण बसली नाही. भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली. दवाखान्यात मी लक्ष्मणशी त्याच्याबद्दल बोलले होते, त्याने तिला सांगितलं असणार. उताण्या निजलेल्या माणसाच्या चित्रावर तिने बोट ठेवलं.

"ह्योच का त्यो?"

"हाच."

तिने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "मंग ह्यो उठला का?"

तांदळाची पिशवी घ्यायच्या निमित्ताने मी खाली वाकले आणि म्हटलं, "उठला की. आणि तांदूळ घेऊन आला."